कच्चं सरकीचं तेल आणि माझा रिपोर्ट

मंगळवारी दुपारी धुळ्यातल्या एका लॅबच्या पायऱ्यांवर बसून मी चक्क रडलो. हातात रिपोर्ट होता, शेजारी बायको होती. आणि रिपोर्ट चांगला आला होता, म्हणून रडत होतो...

हे लिहू की नको, असं तेव्हापासून चाललं होतं. पण या विषयावर आम्ही पुरुष गप्प बसतो आणि भोगतात बायका. म्हणून लिहितोच. वैशालीला, म्हणजे बायकोला, विचारून लिहितोय.

लग्नाला पाच वर्षं झाली, मूल नाही. आमच्याकडे अशा वेळी सगळी शोधाशोध सुनेच्या ताटात होते. पपई बंद, तीळ बंद, थंड बंद, सकाळी दुधातून शतावरी, वर सोमवारचा उपवास. वांगंसुद्धा बंद! खानदेशात राहून भरीत खायचं नाही, ही शिक्षाच झाली. वैशालीने तीही भोगली. तिच्या तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली... तिचं सगळं नॉर्मल.

माझी तपासणी डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत लिहून दिली होती. मी ती वर्षभर टाळली. कधी ऑफिसात ऑडिट, कधी कुणाचं लग्न. दारू नाही, तंबाखू नाही, रोज सकाळी चालायला जातो... माझ्यात काय निघणार?

निघालं. शुक्राणूंची संख्या फारच कमी.

डॉक्टरांनी खाण्यापिण्याचं विचारलं तेव्हा मी ऐटीत म्हणालो, "एकदम शुद्ध खातो, सर." तेलाचं काही बोललोच नाही. कारण माझ्या मते माझ्या खाण्यातली तीच सगळ्यात चांगली गोष्ट होती.

तर तेलाची भानगड अशी... रिफाइंड तेल म्हणजे विष, असं ज्ञान मला काही वर्षांपूर्वी व्हॉट्सअ‍ॅपवर प्राप्त झालं होतं. शिरपूरकडे माझ्या एका मित्राची सरकीची, म्हणजे कापसाच्या बियांची, तेल गिरणी आहे. तिथून मी रिफायनरीला जाण्याआधीचं कच्चं, काळपट तेल कॅन भरून आणायचो. मित्र म्हणायचा, "अरे, हे असं कोणी खात नाही." मला वाटायचं, याला काय कळतंय!

वैशालीला त्याचा वास सहन व्हायचा नाही. ती आपला स्वयंपाक शेंगदाण्याच्या तेलात करायची. मी मात्र कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीवर ठेचा घ्यायचो आणि त्यावर या तेलाची धार सोडायचो. शिवाय रोज सकाळी दोन चमचे... ताकदीसाठी!

रिपोर्ट आला त्या आठवड्यात गावी गेलो. घरी अजून कुणाला काही सांगितलं नव्हतं. जेवायला बसलो, सवयीने कॅन काढला, तर आबांचं, म्हणजे वडिलांचं, लक्ष गेलं.

"हाई कसानं तेल शे रे?"

"सरकीनं, आबा. एकदम कच्चं."

आबांचा घास हातातच राहिला. "अरे, गायीले सरकी चालस. पण वळूले आम्ही कधी चारी नही. मंग गाय गाभण ऱ्हास नही."

आबांना माझ्या रिपोर्टचा पत्ताही नव्हता. ते बिचारे वळूबद्दल बोलत होते. वैशालीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे... आणि ताटावरच मी सगळं सांगून टाकलं. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. आबांनी कॅन उचलला आणि बाहेर नेऊन ठेवला.

दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेलो. ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. कच्च्या सरकीत एक घटक असतो, तो शुक्राणू कमी करतो, रिफाइंड करताना तो काढून टाकतात, असं त्यांनी समजावून सांगितलं. दुकानातल्या रिफाइंड सरकी तेलाची भीती नाही. "हेच एकमेव कारण असं मी छातीठोकपणे सांगणार नाही," ते म्हणाले, "पण आजपासून बंद करा. डाळी, पालेभाज्या, फळं, अंडी, साधं घरचं जेवण घ्या. तीन महिन्यांनी परत तपासू."

ते तीन महिने कसे काढले ते मलाच माहीत. पालेभाजीचं नाव काढलं की नाक मुरडणारा मी, मेथी मागून खायला लागलो. आणि मंगळवारी आकडा नॉर्मलमध्ये आला. छातीवरचा दगड उतरला हो...

पण खरी गोष्ट काल घडली. पिंपळनेरला चुलत बहिणीची हळद होती. भरल्या मांडवात एका मावशीने वैशालीला नेहमीचा प्रश्न विचारलाच, "काय वं, पाच वरीस व्हयनात, काही गोड बातमी?"

वैशालीने मान खाली घातली. तेवढ्यात आई मध्ये पडली. हीच माझी आई, जिने वांगं बंद केलं होतं. आवाज अजिबात न दाबता म्हणाली, "तिले काय इचारतस? तिनामा काहीच कमी नव्हती. कमी मन्हा पोऱ्यामा व्हती, आते तो बरा शे."

सगळ्या बायका वळून माझ्याकडे बघायला लागल्या. कान गरम झाले माझे, खोटं कशाला बोलू! पण लाज वाटली ती त्या बायकांची नाही. हे वाक्य आईच्या आधी मी बोलायला हवं होतं, त्याची वाटली.

मूल होईल का, कधी होईल, अजून माहीत नाही. एरवी अशा कार्यक्रमांतून वैशाली डोकं दुखतंय म्हणून लवकर निघायची. काल ती शेवटच्या पंगतीपर्यंत थांबली, वाढायला उभी राहिली, मोठ्याने हसत होती. थँक्यू, आई.