स्वखुशीचा कागद

"पढ़ी-लिखी है ना? फिर लिख. हम अपनी खुशी से पेशंट ले जा रहे हैं."

आदिलाबादच्या त्या खासगी दवाखान्यातल्या काऊंटरवरच्या माणसाने कोरा कागद माझ्यापुढे टाकला. मागे स्ट्रेचरवर माझा धाकटा भाऊ संतोष, पोट धरून. आतडं फुटलेलं. सरकारी दवाखान्यात सर्जन नव्हता. त्यांनीच इकडे पाठवलं, रेशनकार्डावर ऑपरेशन फुकट होईल म्हणाले. पण कार्डावर संतोषचं नाव नव्हतं आणि पैसे भरायची ऐपत नव्हती. नाव का नाही, हे मीच काऊंटरवाल्याला सांगून बसले.

"बी.एस्सी. कर के भाई का नाम काट दिया?" सगळ्या रांगेला ऐकू जाईल असा तो हसला.

खरं होतं. नाव मीच काढलं होतं.

सरकार बेरोजगार पोरांना भत्ता देणार, अशी हवा होती. एका कार्डाला एकच भत्ता, असं मंडल म्हणजे तहसील ऑफिसबाहेरचा दलाल म्हणाला. आम्ही बहीणभाऊ दोघेही पदवीवाले, दोघेही रिकामे. त्यात मी अतिशहाणी. नेरडीगोंड्याजवळच्या आमच्या गावात मराठी घरांचे तेलुगू अर्ज मीच लिहिते. संतोषच्या वेगळ्या कार्डाचा अर्जही मीच लिहिला. जुन्या कार्डावरून नाव लगेच गेलं. नवं कार्ड आलंच नाही. मग बजेट आलं. टीव्हीपुढे दोघं बसून राहिलो. भत्त्याचा शब्दही निघाला नाही.

"ताई, आपून त्यायले दिसूनच नाई राह्यलो," संतोष म्हणाला. तेव्हा आम्ही हसलो होतो.

काऊंटरपुढे बाबांनी हात जोडले. मग माझ्याकडे वळले. "लिही बाई. काऊन भांडतं? हैदराबादच्या सरकारी दवाखान्यात नेऊ त्याले."

मी लिहिलं. स्वखुशीने. अक्षर नेहमीसारखंच, सुंदर.

ॲम्ब्युलन्स आमच्या गावच्या फाट्यावरून पुढे गेली. निर्मल शहर यायच्या आतच संतोष गेला.

तेव्हापासून पेन हातात धरलं की तो कागद दिसतो. त्या अक्षराची मला किळस येते. भर दुपारी, माणसांत बसलेली असतानाही, त्याचं कण्हणं ऐकू येतं.

गेल्या महिन्यात शेजारच्या काकूंच्या आजारी सुनेला घेऊन तिथेच जावं लागलं. पोर महाराष्ट्रातून लग्न होऊन आलेली. माहेरच्या कार्डावरून नाव गेलेलं, सासरच्या कार्डावर लागलेलं नाही. तोच माणूस. तसाच कोरा कागद.

"लिख."

पेन धरलं, तोच जुना कागद दिसला. तरी लिहिलं. कार्डावर नाव नाही म्हणून रोगी बाईला इथून बाहेर काढत आहेत. आमची खुशी नाही.

"ये क्या लिखा?"

"जो हो रहा है, वही. नीचे साइन आप का."

अशा कागदावर सही म्हणजे दवाखाना अडकणार, हे त्याला कळलं. त्याने सही केली नाही. आत फोन लावला. सुनेला आत घेतलं.

काकू माझ्या गळ्यात पडून रडल्या. मला रडू आलं नाही. हे तेव्हा का सुचलं नाही, एवढंच डोक्यात. ते मी मरेपर्यंत जाणार नाही.

बजेटात काय ठेवायचं, काय गाळायचं, हे ठरवताना आमची सही कोणी मागत नाही. गाळून झाल्यावर मात्र सही आमची लागते. आता गावात कोणावरही असा कागद लिहायची वेळ आली, तर मलाच सोबत नेतात. त्यावर झालं तेच लिहीन. नकार तुमचा, तर सहीही तुम्हीच करायची.