नोंद नसलेली दुसरी बाई

ती दुपार आजही जशीच्या तशी डोळ्यांसमोर उभी राहते. रेगेन्सबर्गच्या आमच्या ठाण्यात बुंडेसपोलित्सायचं, म्हणजे संघराज्याच्या पोलिसांचं पत्र आलं होतं. परदेशातून बेकायदा आलेले लोक हा त्यांचा विषय. आम्ही राज्याचे पोलीस. त्यांनी मागितली की मदत द्यायची. निनावी खबर अशी होती की मोटार कारखान्यातल्या एका मराठी इंजिनिअरच्या घरी बायकोखेरीज आणखी एक बाई राहते आणि तिची कुठेच नोंद नाही.

मी बाविसाव्या वर्षी इथे गोदामात खोकी उचलायला आलो. भाषा शिकलो, नागरिकत्व घेतलं, वर्दी मिळवली. तरी गटप्रमुखाची जागा साहेबांनी दोनदा दुसऱ्याला दिली. ‘तुमचा पारा लवकर चढतो,’ म्हणाले. चढतो. पण मराठी घर निघालं की आठवण माझीच व्हायची.

संघराज्याच्या पोलिसांची अधिकारी पन्नाशीची, मोजकं बोलणारी बाई होती. आम्ही दोघं त्या घरी गेलो. इंजिनिअरची बायको एकटीच होती. दुसऱ्या बाईची खूण नव्हती. खालच्या शेजाऱ्याने मात्र त्याच्याकडून नेलेल्या पार्सलांच्या पावत्या दाखवल्या. आडनाव या घराचंच, पण सही भलत्याच नावाने.

बायकोला ठाण्यात आणलं. बोटांचे ठसे तिच्या परवान्याशी जुळले. म्हणजे ही खरी होती.

“मग ती दुसरी कुठे आहे?”

“अशी कुणी नाहीच,” ती म्हणाली.

नवरा कारखान्यातून धावत आला. पुढच्या आठवड्यात त्याच्या कायमच्या परवान्याचा निर्णय होता. विनानोंद माणूस लपवल्याचा गुन्हा दाखल झाला की ती फाईल अडकलीच.

“साहेब, दोन खोल्यांत कुणाला लपवणार?”

“मग पार्सलं काय भूत घेतं?” मी ओरडलो.

त्याने बायकोकडे पाहिलं आणि मान खाली घातली. ती नजर मी टिपली.

अधिकारीण गुन्ह्याचा कागद भरायला बसली. मी म्हणालो, “अर्धा तास द्या. उलगडा झाला नाही तर आजचं सगळं लिखाण माझ्याकडे.”

“दहा मिनिटं.”

“वीस.”

“गेनाऊ, बरोबर वीस,” तिने घड्याळ पाहिलं.

इंजिनिअरच्या बायकोला, त्या मुलीला, मी बाहेरच्या बाकावर बसवून चहा दिला. मग तिच्या पाठीमागून, घरातल्या वडीलधाऱ्याच्या सुरात, पावतीवरच्या नावाने हाक मारली आणि विचारलं, “अगं, चहा झाला का?”

“हो, आणते हं!” म्हणत ती कपासकट उठली. मग मटकन बसली आणि रडू लागली.

लग्नात नवऱ्याने तिचं नाव बदललं होतं. घरी सगळे तेच वापरत. पार्सलंही त्याच नावाने येत. परवान्याच्या अर्जात ‘इतर नावं’ असा रकाना होता. नवरा म्हणाला होता, ‘जर्मन ऑफिसात गुंता नको, नाही असं लिही.’ आता खरं सांगावं तर तो खोटेपणा उघडा पडणार, म्हणून दोघं गप्प.

तिने मोबाइलवर लग्नाचा फोटो दाखवला. ताटात तांदूळ, त्यात अंगठीने लिहिलेलं ते नाव, आणि त्यावर वाकलेली तीच. अधिकारिणीने फोटो मोठा करून बराच वेळ पाहिला.

“म्हणजे आपण शोधतोय ती बाई तासभर समोरच बसली आहे?”

“हो,” मी म्हणालो.

अधिकारिणीला अडवणूक करता आली असती. तिने उलट परदेशी नागरिकांच्या कार्यालयात फोन करून त्याच दुपारी दुरुस्ती करून घेतली. “रोजच्या वापरातलं नाव कोणतं लिहू?” तिने विचारलं. मुलीने नवऱ्याकडे पाहिलं. “त्यांना नाही, तुम्हाला विचारतेय.”

“आईने ठेवलेलं,” मुलगी म्हणाली.

अहवालाच्या शेवटी अधिकारिणीने लिहिलं की उलगडा या अंमलदाराने केला, आणि पुढे माझं पूर्ण नाव. माझ्या साहेबांनी उभ्या नोकरीत तेवढी एक ओळ लिहिली नाही. त्या बाईचे उपकार मी विसरणार नाही. त्या अहवालाची प्रत माझ्या कपाटात आहे.

लोक गुन्हा लपवायलाच खोटं बोलतात असं नाही, कागद सरळ दिसावा म्हणूनही बोलतात. आवाज चढवण्याआधी एक प्रश्न जास्त विचारावा, हे मी त्या दिवशी शिकलो.

संध्याकाळी पहिला प्रश्न घरी बायकोलाच विचारला. तांदळात नाव मीही लिहिलं होतं.

“तुला कुठलं नाव आवडतं गं?”

“अहो, तीस वर्षांनी चौकशी सुरू केलीत?” ती हसली. मग तिने सांगितलं.

तेव्हापासून मी तिला त्याच नावाने हाक मारतो.