वन्संना मुंबई दाखवायची होती

वन्सं गावाहून आमच्याकडे बेलवलीला आल्या त्या मुंबई बघायचीच म्हणून. तीही एका दिवसात. जेवणं झाल्यावर हे भिंतीला टेकून बसले आणि बुधवारचा दिवस आखायला लागले.

"आधी महालक्ष्मी. मग हाजी अली. तिथून गेटवे, आणि संध्याकाळी चौपाटीवर भेळ."

"दादा, सांगतोयस असं की जणू मुंबई तुझ्याच नावावर आहे. राहतोस बदलापुरात!" वन्सं हसल्या. "आणि पेंग्विन? राणीच्या बागेत आहेत ना? ते बघितल्याशिवाय मी गावी तोंड नाही दाखवायची."

यांनी माझ्याकडे बघितलं. मी ताटं उचलून आत गेले.

आमची मुलगी त्या बागेच्या बाजूच्या हॉस्पिटलातच वारली. खाटेवरून तिला बागेची झाडं दिसायची. बरी झालीस की आधी तिथंच जाऊ, असं मी तिला सांगायचे. ती विचारायची, "उद्या?" पुढंपुढं तिनं विचारणं सोडलं, नुसती झाडांकडे बघत पडायची. तिला घरी आणली, सगळं रीतीनं केलं. पण ती आलीच नाही असं मला वाटतं. बागेच्या फाटकाशी उभी आहे, आई येईल म्हणून. तेव्हापासून मी कल्याणच्या पुढं गेलेली नाही. माहेरची लग्नंसुद्धा टाळली. गेले आणि ती दिसली तर काय करू, नाही दिसली तर काय करू, दोन्हीची भीती वाटते.

बाहेर हे सांगत होते, "बुधवारी बंद असते बाग."

"मग गुरुवारी जाऊ. मला कुठं कामावर जायचंय?"

"वाकडी वाट होते गं."

"होऊ दे की. पाय माझे दुखणार, तुझे का?"

मी मोरीत भांडी घासत होते. मागून आवाज आला, "उद्या?" अगदी हळू, ती विचारायची तसा. मी वळले नाही. वळलं की तो थांबतो, हे मला आता माहीत झालंय.

वन्संचं वेगळंच सुरू झालं होतं. आमच्यात तिघं मिळून बाहेर पडत नाहीत. पडायचंच झालं तर एक खडा सोबत घेतात, तो चौथा. "आपण तिघंच होतोय," त्या म्हणाल्या. "थांब, खालून एक बरासा खडा बघून आणते. पिशवीत टाकू." आणि त्या चपला घालायला उठल्या.

मी ओल्या हातानं दारात आले. "नको खडा, वन्सं," मी म्हटलं. "चौघं आहोत आपण."

त्यांचा एक पाय चपलेत तसाच राहिला. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच पदर तोंडाला लावला.

हे खाली बघत बसले होते. तसेच म्हणाले, "मग सकाळी आधी बागच घेऊ. तिला ऊन सोसत नाही."