कायरोप्रॅक्टर बोर्डावर गणिताच्या बाई

आमच्या सिंकखालच्या कपाटात दह्याचे रिकामे डबे साठत जातात. कधी, कसे, कळत नाही. एक दिवस दार उघडावं तर सगळे अंगावर! किश्श्यांचंही तसंच आहे. अमेरिकेतल्या एका स्टेटच्या कायरोप्रॅक्टर बोर्डावर मी २००३ ते २००८ होते. त्या वर्षांत मी एकही किस्सा मुद्दाम लक्षात ठेवला नाही, पण मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे डबापार्टीला, कुणी नुसतं "विद्याकाकू, पाठ धरलीय हो" म्हणालं, की माझं कपाट उघडलंच!

राज्याचं नाव सांगत नाही. माणसं अजून तिथेच राहतात, आणि फोनही करतात.

*

सुरुवातच बघा कशी झाली. मी हायस्कूलला गणित शिकवायचे. एका संध्याकाळी पोळ्या करत होते, तर फोन. बाई म्हणाली, "मी गव्हर्नरांच्या ऑफिसातून बोलतेय." मी म्हटलं, "नॉट इंटरेस्टेड, थँक यू," आणि ठेवला. त्या काळात रोज जेवणाच्या वेळी कुणी ना कुणी काहीतरी विकायला फोन करायचंच. पुन्हा वाजला. पुन्हा तीच. मी पुन्हा ठेवला!

तिसऱ्यांदा ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मॅम, प्लीज! मी काहीही विकत नाहीये!"

झालं होतं असं, की माझ्या शाळेच्या प्रिन्सिपॉलबाईंनी माझं नाव सुचवलं होतं. कायरोप्रॅक्टर म्हणजे मणक्याला झटका देऊन पाठ-मान मोकळी करणारे डॉक्टर. त्यांना लायसन्स द्यायचं, त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी ऐकायच्या, वेळ आली तर लायसन्स काढून घ्यायचं, हे सगळं करायला स्टेटचं एक बोर्ड असतं. त्यात पाच कायरोप्रॅक्टर, आणि एक साधा नागरिक. पब्लिक मेंबर!

मी घाबरले. म्हटलं, "अहो, पण मला त्यातलं काहीच कळत नाही. माझ्या घरात, नात्यात, ओळखीत कुणी कायरोप्रॅक्टर नाही. त्याचं स्पेलिंगसुद्धा मला येत नाही!"

फोनवरची बाई आनंदानं ओरडलीच. "परफेक्ट! नियमात अगदी हेच लिहिलंय!"

फोन ठेवून मी अविनाशला, म्हणजे नवऱ्याला, सांगितलं. तो म्हणाला, "काहीच येत नाही म्हणून नेमणूक? नागपूरला असतीस तर एव्हाना मंत्री झाली असतीस!"

*

पहिली मीटिंग. शपथ झाली, फोटो झाले, आणि मी हात पुसत जेवायला बसले. बोर्डाचे चेअरमन डॉ. हॉलिस समोर होते. सत्तरीचे, फावड्याएवढे हात, आवाज मात्र एकदम मऊ. ते माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही पर्स नेहमी उजव्या खांद्यावर घेता?"

"हो. का?"

"वाटलंच मला. तुमचा डावा पाय किंचित आखूड आहे."

शेजारचे डॉक्टर म्हणाले, "छे! उजवा आहे." तिसरे उठून आलेच. "मॅडम, जरा पाय सरळ करता?" बघता बघता पाचही डॉक्टर सँडविच सोडून माझ्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर! कुणी टाचा जुळवतंय, कुणी एक डोळा मिटून बघतंय. मी नव्या साडीत, पाय लांब करून, अंग चोरून बसलेले. अख्ख्या आयुष्यात माझ्या पायाशी इतकी सुशिक्षित माणसं कधी आली नव्हती!

टेबलाच्या टोकाला बोर्डाचे वकील प्रुइट बसले होते. काटकुळे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. त्यांनी सँडविचमधून मानही वर केली नाही.

"डावा म्हणणारे हात वर करा... तीन. उजवा? दोन." एक घास चावून ते म्हणाले, "मॅडम, तुमचा डावा पाय बहुमतानं आखूड आहे."

*

बोर्डावर गेल्याची बातमी आमच्या लोकांत पसरायला एक वीकेंड पुरला. फ्रिस्कोहून नणंदेचा फोन आला, सनीव्हेलहून भाच्याचा आला. दोघांचाही प्रश्न एकच: "म्हणजे आता तुला पाठ मोडता येते?"

पण दाबके काकांनी कमाल केली. काका नागपूरचे निवृत्त हेडमास्तर, मुलाकडे सहा महिन्यांसाठी आलेले. आमच्या मंडळाचा गणपती एका शाळेच्या कॅफेटेरियात असायचा. आरतीची तयारी चाललीय, मी ताम्हन शोधतेय, तर मागून हाक आली. "विद्या, इकडे ये जरा!" वळून बघते तर काका जमिनीवर पालथे! धोतर नीट खोचून, कपाळ हातावर टेकवून, तय्यार!

"दे एक झटका. कंबरेत दे."

"काका, उठा हो! मी डॉक्टर नाही. मला हात लावायलाही परवानगी नाही. मी फक्त डॉक्टरांवर लक्ष ठेवते."

काकांनी मान वळवून विचारलं, "म्हणजे इन्स्पेक्टर?"

"हो, तसंच समजा."

"तेच तर! आमच्याही शाळेत इन्स्पेक्टर यायचे, त्यांनाही काही यायचं नाही. तरी आम्ही चहा पाजायचो!" आणि मग जरा वेळानं, बारीक आवाजात, "आता निदान उठव तरी."

शेवटी सॉफ्टवेअरवाल्या चार पोरांनी उचललं. त्यातला एक म्हणाला, "काकू, हे ट्रीटमेंटमध्ये धरतात का? नाही, आमच्याकडे लायसन्स नाहीये यार!"

*

आता डेल. डेल आमचा इन्व्हेस्टिगेटर. पूर्वी पोलिसात होता. सव्वासहा फूट उंच, दारातून वाकून आत येणारा. कुणी लायसन्स नसताना प्रॅक्टिस करतंय अशी तक्रार आली, की डेल खोटं नाव घेऊन पेशंट बनून जायचा. जाण्याआधी ऑफिसात कण्हायची प्रॅक्टिस करायचा. कंबर धरून, डोळे मिटून असा काही विव्हळायचा, की मी एकदा खरंच पाणी आणून दिलं!

राज्याच्या पार दुसऱ्या टोकाला एका जिममागच्या खोलीत एक माणूस असली कामं करत होता. पाटी 'स्पाइन कोच' अशी. डेल गाडी हाणत तिथे पोचला. इतका वेळ बसून बसून, उतरताना त्याची कंबर खरोखरच धरली! धड उभं राहता येईना. त्या माणसानं धरून आत नेलं, आडवं केलं, दोनदा काडकन आवाज काढला, आणि पाठवून दिलं.

केस बोर्डापुढे आली. डेल शपथ घेऊन साक्षीला बसला. त्या कोचच्या वकिलानं उठून एकच प्रश्न विचारला: "मिस्टर डेल, माझ्या अशिलानं हात लावल्यावर तुम्हाला कसं वाटलं?"

डेलनं आमच्याकडे बघितलं, छताकडे बघितलं, शपथेला वर केलेल्या स्वतःच्या हाताकडे बघितलं.

"सर... लग्न झाल्यापासून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं."

हॉलमध्ये जे हसू फुटलं! डॉ. हॉलिसना हातोडा आपटावा लागला. पण नियम तो नियम. बरं वाटलं म्हणून लायसन्स मिळत नाही. नेमक्या त्याच माणसाचा पुढचा पेशंट ठिसूळ हाडांचा असला तर? डॉ. हॉलिसनी त्याला शांतपणे समजावलं, की आधी कॉलेज कर, चार वर्षं शीक, परीक्षा दे, मग ये. मी स्वतः तुझ्या सर्टिफिकेटवर सही करीन. त्यानं मान खाली घालून ते मान्य केलं.

आणि साक्षीच्या खुर्चीतून डेल कळवळून म्हणाला, "चार वर्षं? तोपर्यंत मी काय करू?"

*

सगळेच दिवस हसण्याचे नव्हते हं.

रोझा नावाची एक बाई होती. शाळेची बस चालवायची. तिनं एका मोठ्या नावाच्या कायरोप्रॅक्टरविरुद्ध तक्रार केली होती. त्यानं तिला म्हणे सांगितलं, मणका सरळ झाला की ब्लडप्रेशर आपोआप उतरतं, गोळ्या बंद कर. तिनं केल्या. एका सकाळी स्वयंपाकघरात चक्कर येऊन पडली, दवाखान्यात ठेवावं लागलं. बसमध्ये मुलं असताना पडली असती तर? तेवढंच ती आमच्यासमोर पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिच्या बाजूनं कुणी नव्हतं. त्याच्या बाजूला दोन वकील.

कायरोप्रॅक्टरला दुसऱ्या डॉक्टरच्या गोळ्या बंद करायला सांगायचा अधिकार नाही. पण त्याचं म्हणणं, मी असं बोललोच नाही! पाचही डॉक्टरांनी त्याला कठीण कठीण प्रश्न विचारले. हा मणका, ती नस, तो एक्स-रे. गडी सगळ्याला हसत उत्तर देत होता. वर्गातला तो एक मुलगा असतो ना, ज्याचं गणित चुकलेलं असतं पण अक्षर सुंदर असतं, तसा!

माझी पाळी आली. मला मणक्यातलं काय कळतंय? मला सुचलं ते विचारलं. "डॉक्टर, तुम्ही किती पेशंटना सांगितलंत की आता तुम्ही बरे झालात, पुन्हा येऊ नका?"

तो पहिल्यांदाच अडखळला. "मॅडम, ही आयुष्यभराची निगा असते."

"असेल. पण एखादा तरी? नाव नका सांगू. आठवतोय का एखादा?"

एक वकील त्याच्या बाहीला हात लावत होता. त्यानं तो झटकला. चेहरा लाल झाला होता. "बरा कसा होणार? हे लोक गोळ्या गिळत बसतात! गोळ्या खाऊन कुणी बरं होतं का? म्हणून तर मी सगळ्यांना आधी गोळ्याच बंद करायला सांगतो!"

दोन्ही वकिलांनी एकाच वेळी डोळे मिटले.

त्याचं लायसन्स सस्पेंड झालं. रोझा बाहेर माझी वाट बघत उभी होती. तिनं माझा हात दोन्ही हातांत धरला आणि बराच वेळ सोडलाच नाही.

*

आणि आता सेनेटरचा किस्सा! हा सांगताना मला अजूनही खुर्चीत नीट बसवत नाही.

आमच्या राज्यात दर काही वर्षांनी विधिमंडळाची कमिटी प्रत्येक बोर्डाची तपासणी करते. काम पटलं तर बोर्ड पुढे चालू, नाहीतर कायमचं बंद. २००७ साली आमची पाळी आली. कमिटीवर एक सेनेटर होते, आडदांड, बुलंद आवाजाचे, आणि बोर्डांचे जन्माचे वैरी. आमच्या आधी दोन बोर्डांची त्यांनी सालं काढली होती. आमचं बोर्ड आजही आहे, म्हणजे शेवट तुम्हाला कळलाच. पण त्या दिवशी आम्हाला तो कळलेला नव्हता!

हॉल गच्च भरलेला. टीव्हीचा कॅमेरा. सेनेटर आमच्या समोर येऊन उभे राहिले आणि गरजले, "एका वाक्यात सांगा! हे बोर्ड नसतं तर या राज्यात कुणाचं काय बिघडलं असतं?"

जोरात हात हलवला आणि हातातलं पेन उडून खाली पडलं. ते उचलायला वाकले, आणि तिथेच राहिले. अर्धे वाकलेले! तोंडातून "आ" एवढंच आलं. मग हळूहळू, एखादं लाकूड खाली ठेवावं तसे ते कार्पेटवर आडवे झाले.

आणि मग पाचही कायरोप्रॅक्टर उठून धावले! डॉ. हॉलिस तर कोट काढत काढत.

तेवढ्यात आमचे काटकुळे प्रुइट मध्ये उभे राहिले. दोन्ही हात पसरून. "थांबा! कुणी हात लावायचा नाही!"

सेनेटर खालून ओरडले, "का?"

"सर, आम्ही सरकारी बोर्ड. तुम्ही आमची तपासणी करताय. सरकारी माणसांकडून सेनेटरनं काहीही फुकट घेतलं, तर तो गुन्हा होतो. फुकट ट्रीटमेंटसुद्धा त्यात येते."

"हा असला कायदा कुठल्या मूर्खानं केला?"

प्रुइटनी चष्मा वर सरकवला. "आपणच, सर. गेल्या सेशनला."

डॉ. हॉलिस एक बाही काढलेल्या कोटात तसेच गुडघ्यांवर. सेनेटरनी डोळे मिटले, दात आवळले, आणि कार्पेटवरून सगळा जीव एकवटून ओरडले, "मग फुकट नको! बिल द्या मला! बिल!"

टेबलामागे कमिटीची नवी क्लार्क मुलगी बसली होती. त्या सेशनला मांडलेल्या कायद्यांच्या सगळ्या बिलांची ही एवढी चळत तिच्यापुढे. ती धडपडत उठली, भराभरा कागद उलटायला लागली, आणि टेबलावरून खाली वाकून अदबीनं म्हणाली:

"कितव्या नंबरचं, सर?"