शनिवार-रविवारात बदललेली साखळी

माझे पंचवीसपैकी सोळा शेक झाले होते, तेव्हा गाडी आवाज करू लागली. छातीतल्या गाठीचं ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरांनी किरणांचे शेक सांगितले होते. मशीन नांदेडला आणि आम्ही देगलूरला. सोमवार ते शुक्रवार रोज जाऊन-येऊन. मधे दोनदा एसटीनं गेले. दुसऱ्या वेळी वाटेत नरसीला गर्दीत कुणाचं तरी कोपर भाजलेल्या कातडीवर लागलं आणि मी उभ्या-उभ्या खाली बसले. त्यानंतर ह्यांनी मला गाडीशिवाय नेलं नाही.

गाडी आम्ही तिसऱ्या हाताची घेतलेली. दोन लाख साठ हजार किलोमीटर पळालेली. सकाळी चालू केली की डब्यात बटणं हलवल्यासारखा आवाज यायचा. शुक्रवारी एकोणिसावा शेक झाल्यावर नांदेडच्या एका मिस्त्रीला दाखवली. त्यानं बॉनेटवर कान ठेवला. "इंजिनातली साखळी ढिली झाली. एक-दोन दात सरकली तर इंजिन गेलं समजा. आठ दिवस गाडी ठेवून जा."

"आठ दिवस न्हाई ठेवता येत," हे म्हणाले.

रोज भाड्याची गाडी करायची आमची ऐपत नव्हती आणि नांदेडला राहायला कुणी नव्हतं. शेकात खंड पाडू नका, असं मशीनवरच्या माणसानं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ह्यांनी बाजारातून साखळीचा सगळा सेट घेतला आणि मला हळूहळू घरी आणलं. विहिरीच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरून देण्याचा ह्यांचा धंदा. हाताला कसब आहे, पण गाडीचं इंजिन कधी खोललेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी गाडी अंगणात जॅकवर चढली. मी दारात बाजेवर बसले. मोबाइलवरचा व्हिडिओ थांबवून-थांबवून दाखवायचं काम माझं. पुढचं चाक निघालं, पट्टा निघाला. खालच्या पुलीचा बोल्ट मात्र हलेना. ह्यांनी पान्याला लोखंडी पाइप लावला, तर इंजिनच फिरायला लागलं.

"आत बसून ब्रेक दाबशील का?" ह्यांनी विचारलं. "पायानंच दाबायचं हाय. हात लावू नको."

गाडी वरच्या गियरमध्ये टाकून मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चौथ्या झटक्याला बोल्ट कडकन सुटला. मला वाटलं काहीतरी तुटलं. ह्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ह्यांनी आधी पाना उजेडात धरून नीट बघितला.

इंजिनाचं झाकण काढल्यावर साखळी दिसली. ती जिच्यावरून सरकते ती प्लास्टिकची पट्टी झिजून दुभंगली होती. वरच्या दांड्यांनी झडपा उघडतात, खालच्या दांड्याला पिस्टन जोडलेले असतात आणि साखळी दोघांचा मेळ राखते, असं व्हिडिओतला माणूस सांगत होता. मी वीस वर्षं शिवणकाम करते. सुई आणि खालून दोरा पकडणारा हुक यांचा मेळ चुकला की काय होतं, ते मला माहीत आहे. त्यामुळे एवढं समजलं.

रविवारी सकाळी नवी साखळी चढली. रंगीत कड्या गियरवरच्या खुणांना जुळवल्या, ताण देणाऱ्या दट्ट्याला अडवून धरणारी पिन ओढली आणि ह्यांनी घाईनं झाकणाला ऑइल गळू नये म्हणून पेस्ट लावून बोल्ट आवळले. मग चालू करण्याआधी इंजिन पान्यानं दोन फेरे फिरवून बघायचं होतं. दीड फेरा झाला आणि पाना अडला.

"नवी साखळी हाय, घट्ट असंल," म्हणत ह्यांनी पाइप उचलला.

"थांबा. सुई हुकाला अडली अन् आपण चाक जोरानं फिरवलं तर काय होतंय?"

"हे शिलाई मशीन न्हाई."

"नसू द्या. पण फिरवू नका."

ह्यांनी पाना जमिनीवर आपटला आणि तिथंच मातीत बसले. ऑइलचे हात तोंडावर घेतले. मी बाजेवरून उठून जवळ गेले, पण माझ्यानं खाली वाकवत नव्हतं.

"उद्या तुला कसं न्यायचं, सांग," हे म्हणाले. "मोटार जळली तर कुठं जळली ते मला कळतं. तुझ्यातलं मला काहीच कळत न्हाई. नुसता नेऊन राहिलो अन् आणून राहिलो."

आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली, ह्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "उघडा परत."

ह्यांनी ओली पेस्ट खरवडून झाकण काढलं. वरच्या गियरची खूण सरकली होती. पिन ओढताना साखळीनं उडी घेतली होती. परत सगळं जुळवलं. या खेपेला दोन खुणांमधल्या कड्या मी मोठ्यानं मोजल्या, आणि पिन निघेपर्यंत ह्यांनी साखळी अंगठ्यानं दाबून धरली. झाकण लावायच्या आधीच दोन फेरे फिरवले. पाना कुठं अडला नाही. खुणा जागेवर आल्या.

पेस्ट वाळायला दुपार गेली. संध्याकाळी ऑइल ओतून ह्यांनी किल्ली फिरवली. दोन-तीन सेकंद खडखड झाली. मग खडखड थांबून इंजिन एकसारखं चालू लागलं. मला आनंद झाला असं म्हणता येणार नाही. मला उलटी झाली आणि मी आत जाऊन पडले.

सोमवारी हे वाटेतल्या नायगावपर्यंत नुसते इंजिन ऐकत होते. विसावा शेक वेळेवर झाला. पुढचे पाचही झाले. झाकणाच्या एका कोपऱ्यातून ऑइल पाझरत राहिलं, पण ते परत उघडायची ह्यांची हिंमत झाली नाही.

आता दर सहा महिन्यांनी माझी तपासणी असते. त्या आठवड्यात हे दुकानात कुणाशी धड बोलत नाहीत, आणि माझ्याकडून ब्लाउजच्या बाह्या उलट्या जोडल्या जातात.