चाळीस रानं, एकच रेघ

"कॉम्प्युटर चुकत नाही" असं कुणी म्हटलं की माझ्या डोक्यात अजून तिडीक जाते. कारण हे वाक्य एकदा मीच म्हटलंय, आणि तेही मातीतलं माझ्या दसपट कळणाऱ्या माणसाला.

जळोचीतल्या एका छोट्या ऑफिसात मी कामाला होते. चाळीस शेतकऱ्यांच्या रानात ओलावा मोजणारे सेन्सर पुरलेले. प्रत्येक रानाची एक फाईल यायची, तिचा आलेख काढून दर आठवड्याला शेतकऱ्याच्या फोनवर पाठवायचा. रेघ वर म्हणजे ओल आहे, खाली म्हणजे पाणी द्या. एकेक आलेख हातानं काढून मी विटले होते, म्हणून लूप लिहिला, म्हणजे तेच काम चाळीस वेळा आपोआप करणारा छोटा प्रोग्रॅम: फाईल उघड, आलेख काढ, शेतकऱ्याच्या नावानं सेव्ह कर, पुढची घे. आधी एकाच फाईलवर करून बघितलं. घेतली अर्थात निरवांगीची, माझ्या वडिलांच्या डाळिंबाची. आलेख चोख निघाला. मग लूप सोडला, मिनिटभरात चाळीस चित्रं तयार. साहेब म्हणाले, "उघडून काय बघायचंय? पाठवून टाका." मीही मोठी शहाणी, दिली पाठवून.

दुसऱ्या दिवशी सकाळीच वडिलांचा फोन. "पोरी, तुझा फोनवरला कागद एकदम बराबर हाय. मंगळवारी पाणी दिलं, मंगळवारीच रेघ वर चढलीया." मी फुगले. तासाभरात कोऱ्हाळ्याहून तात्यांचा फोन, आमच्या चाळिसातलेच एक शेतकरी. त्यांची उसाची रोपं लावून जेमतेम आठ दिवस झाले होते.

"मॅडम, रेघ मंगळवारी वर गेलेली दिसतीया. पर मंगळवारी आमच्या फिडरला लाईटच न्हवती, मोटार बंद. मग पाणी दिलं कुणी?"

इतका सरळ प्रश्न. आणि तासापूर्वी मंगळवार हा शब्द मी ऐकलेला. पण नाही! मी म्हटलं, "तात्या, कॉम्प्युटर चुकत नाही. ओल भरपूर आहे, पाणी देऊ नका, मुळ्या कुजतील."

"बरं," तात्या म्हणाले.

पाच दिवसांनी पुढचे आलेख काढायला बसले, तेव्हा मागची दोन चित्रं शेजारी शेजारी उघडली गेली. रेघ तीच. तिसरं उघडलं, तीच. लूप प्रत्येक वेळी नवी फाईल उघडत होता, चित्राला नवं नाव देत होता, पण आलेख काढायच्या ओळीत मी पहिल्यांदा करून बघितलेली आमच्याच रानाची फाईल तशीच ठेवली होती. साहेबांना दाखवलं, तर म्हणाले, "सेन्सर बिघडला म्हणून सांगा." मला इतका संताप आला की खुर्ची मागे ढकलून उठले. माझी चूक साहेब निर्जीव सेन्सरवर ढकलायला निघाले! बाकीच्या शेतकऱ्यांना तिथूनच फोन केले आणि गाडी काढून कोऱ्हाळ्याला गेले.

बांधावरूनच दिसलं. निम्मी रोपं पिवळी पडून माना टाकून होती. मी सगळं सांगितलं, चूक माझी म्हणून सांगितलं. तात्या खाली बसून एक रोप चाचपत होते.

"पायाला माती सुकल्याली कळत व्हती," ते म्हणाले. "पर तुमी शिकल्याली माणसं."

स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली.

"मग त्यो कागद कुणाच्या रानाचा हुता?"

"आमच्या. निरवांगीच्या."

तात्यांनी रोप उपटून बांधावर टाकलं. "चांगलं पाणी हाय की तुमच्या रानाला."