मामीचा ट्रान्सफॉर्मर

मामी कुठल्याही यंत्राला आधी तळहात लावून पाहायची. मिक्सर असो, पंखा असो, नाहीतर शेजाऱ्यांचा पाण्याचा पंप. "गरम होनं काय वाईट नाय," म्हणायची. "पण हात ठेवता आला पायजे." नेरळजवळच्या एका लहानशा कारखान्यात तिने उमेदीची वर्षं ट्रान्सफॉर्मरवर तांब्याची तार गुंडाळण्यात घालवली होती. कारखाना बंद पडला, तळहाताची सवय राहिली.

मामा म्हणजे कोंडाण्याच्या लेण्यांच्या बाजूला असलेल्या आमच्या गावच्या भजनाचा आवाज. त्याच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, जीव वाचला, पण आवाज कुजबुजीपुरता उरला. मग तो भजनाला जाईना, घरातही बोलेना. मामीने काही विचारलं की नुसती मान हलवायचा.

"समोर बसलेला असतो रं, पण घरात कोन नाय असं वाटतं," ती मला म्हणाली. आणि लगेच, "मी एक अँप्लिफायर बनवते. मुंबईवरून सामान आणशील?"

मी आणलं. जुन्या कपाटाच्या फळ्यांचं खोकं झालं, ट्रान्सफॉर्मर तिने स्वतः गुंडाळला. पहिल्या दिवशी मामाने माईक तोंडाशी धरला आणि म्हणाला, "चहा." सगळ्या घरभर ऐकू गेलं. मामी पदर तोंडाला लावून स्वयंपाकघरात पळाली.

पण चहा संपेपर्यंत जळकट वास सुटला. ट्रान्सफॉर्मरवर हात ठेवता येईना. स्पीकरमधून नुसती घरघर. मामाने माईक खाटेवर टाकला आणि भिंतीकडे तोंड करून निजला. त्या दिवशी जेवलाही नाही.

मामीने समजूत काढली नाही. थंड झाल्यावर तिने ट्रान्सफॉर्मरच्या पुढच्या सगळ्या तारा सोडवल्या आणि तो एकटाच विजेवर लावून ठेवला. तरी तापला. "बघ, काय वाजवत नाय तरी तापतोय. म्हंजे ओझं जास्त नाय झालं. मीच तारेचे वेढे कमी घातलेत. आपल्या गावात लाईट कधीकधी जोरात येते, ती त्याला झेपत नाय." चूक स्वतःची निघाली याचाच तिला आनंद झाला होता. आपली चूक आपल्याला दुरुस्त करता येते, असं ती म्हणायची.

तिने सगळी तार उलगडली. आतलं लोखंड मोठं घेऊन, वेढे वाढवून पुन्हा गुंडाळायला बसली. हात चालू ठेवून भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "खोक्याला भोकं पायजेत. खालून गार हवा शिरली पायजे, वरून गरम निघाली पायजे. माझ्याकडून सरळ पडत नायत."

मामा उठला. कपाटावरून ड्रिल काढलं आणि भोकं पाडायला बसला. रांगेत, एकसारखी. तिच्याकडून सरळ पडत नव्हती हे खोटं होतं, ते आम्हा तिघांनाही ठाऊक होतं.

या वेळी संध्याकाळभर चालू ठेवूनही ट्रान्सफॉर्मर कोमटच राहिला, घरघरही गेली. पुढच्या एकादशीला मामा खोकं घेऊन देवळात गेला. गायला नाही, गाणं त्याला शक्यच नव्हतं. भजन संपल्यावर गजर तेवढा त्याने दिला, खरखरीत आवाजात. मंडळींनी तो असा उचलून धरला की टाळ वाजवणारे रडतायत की गातायत ते कळेना. त्यानंतर मामा माईकवर मामीशी भांडायचासुद्धा. "अगं, मीठ कुठाय?" अख्ख्या आळीला समजायचं.

पुढे मामाचं दुखणं उलटलं आणि तो गेला. मामीने खोकं ठेवून घेतलं नाही. रसायनीच्या कारखान्यातल्या एका कामगाराचं तसंच ऑपरेशन झाल्याचं तिच्या कानावर आलं. खोकं आणि मला सोबत घेऊन ती तिकडे गेली, त्याच्या बायकोला सगळं समजावलं. निघताना मागे वळूनही पाहिलं नाही.

काही दिवसांनी मी तिच्याकडे बसलो असताना फोन वाजला. पलीकडून खरखरीत आवाज आला, "मामी, मी रसायनीवरून बोलतोय."

तिने डोळे मिटून फोन कानाशी घट्ट धरला. मग म्हणाली, "बोल रं बाबा. ऐकतेय मी."